भंगाराचे कुंपण आणि सौंदर्याचा कर

शहरे सुंदर करण्याचा उत्साह सत्ताधाऱ्यांना ज्या काळात येतो, त्या काळात श्रमिकांच्या चळवळीने अधिक सावध राहावयास हवे. श्रमिकाला सौंदर्याचे वावडे आहे असे नाही. परंतु हे सौंदर्य कोणाच्या डोळ्यांसाठी आणि कोणाच्या खिशातून, हे दोन प्रश्न अशा उत्साहाच्या भरात हटकून मागे पडतात. भंगाराची आवारे सार्वजनिक रस्त्यावरून दिसता कामा नयेत, त्यांच्याभोवती कुंपण किंवा झाडांचा आडोसा असलाच पाहिजे, असे नियम अमेरिकेत गेल्या साठ वर्षांत गावोगाव झाले. त्या नियमांच्या इतिहासात हे दोन्ही प्रश्न स्वच्छ दिसतात. मोडीत निघालेल्या वाहनांविषयीचे नवे कायदे आता भारतातही आले आहेत आणि पिंपरी-चिंचवडमधील कुदळवाडीची भंगार दुकाने २०२५ मध्ये भुईसपाट झाली आहेत. तेव्हा हा इतिहास परक्या देशाचा म्हणून बाजूला ठेवण्याजोगा नाही.

कायद्याचा जन्म

२२ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी महामार्ग सुशोभीकरण कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांनी या कायद्याचा हिरिरीने पुरस्कार केला होता, म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. कायद्याचे तीन भाग होते : पहिला जाहिरातींच्या फलकांविषयी, दुसरा भंगाराच्या आवारांविषयी आणि तिसरा रस्त्याकडेच्या वनश्रीविषयी. दुसऱ्या भागाने असे ठरविले की, आंतरराज्य व मुख्य महामार्गांच्या हद्दीपासून १,००० फुटांच्या आत असलेले आणि रस्त्यावरून दिसणारे भंगाराचे आवार झाडे, कुंपण वा अन्य आडोशाने झाकले पाहिजे. झाकता येत नसेल तर हलविले पाहिजे. औद्योगिक क्षेत्रांना यातून सूट होती. जे राज्य हे नियंत्रण राबविणार नाही, त्याला महामार्गांसाठी मिळणाऱ्या केंद्रीय निधीत दहा टक्के कपात सोसावी लागणार होती.

राज्यांच्या पाठोपाठ काउंट्या आणि नगरपालिका यांनीही आपापले नियम केले. सहा किंवा आठ फूट उंचीचे, आरपार न दिसणारे कुंपण. त्या उंचीच्या वर भंगाराचा ढीग जाता कामा नये. कामाच्या वेळेबाहेर फाटक बंद. ही अशा अनेक नियमांची ठरीव भाषा आहे. या साऱ्या रचनेच्या मध्यभागी जो नागरिक बसविला आहे, तो मोटारीतून जाणारा प्रवासी होय. आवाराशेजारी राहणारे कुटुंब तेथे नाही आणि आवारात हातोडा चालविणारा कामगारही नाही. प्रवाशाचा त्या जागेशी संबंध काही क्षणांचा असतो. कामगार तेथे दिवसाचे दहा तास घालवितो आणि शेजारी तर जन्म काढतो. ज्याचा संबंध सर्वांत कमी, त्याच्या नजरेला कायद्याने सर्वांत मोठे स्थान दिले.

ढीग का साचले?

मुळात रस्त्याकडेला मोटारींची ही स्मशाने का उभी राहिली, या प्रश्नाचे उत्तर कुरूपतेच्या शास्त्रात मिळत नाही. ते पोलादाच्या अर्थशास्त्रात आहे. जुन्या पद्धतीच्या उघड्या चुलीच्या भट्ट्यांत पोलाद तयार करताना लोखंडी भंगार मोठ्या प्रमाणावर खपत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर प्राणवायूवर चालणाऱ्या नव्या भट्ट्या आल्या. त्यांत भंगाराचे प्रमाण फार तर तीस टक्क्यांच्या आसपास जाते. भंगाराची मागणी आटली, भाव कोसळले. त्याच काळात मोटारींचा खप वाढत होता आणि दरवर्षी नवा नमुना बाजारात आणून जुन्याला कालबाह्य ठरविण्याची विक्रीची रीत रुळली होती. मोटार मोडून, तिच्यातील काच, रबर, तांबे वेगळे करून उरलेला सांगाडा भट्टीपर्यंत नेण्याचा खर्च जेव्हा त्याच्या किमतीपेक्षा अधिक होतो, तेव्हा तो सांगाडा आहे तेथेच गंजत पडतो. यात भंगारवाल्याच्या अभिरुचीचा काहीही संबंध नाही. कारखानदाराने नफा उचलला, ग्राहकाने उपभोग घेतला आणि दफनाचा खर्च साखळीतील शेवटच्या, सर्वांत दुबळ्या दुव्याच्या अंगावर येऊन पडला.

हे ढीग पुढे कमी झाले ते कशामुळे? अख्खी मोटार चिरडून तिचे मुठीएवढे तुकडे करणारी आणि चुंबकाने लोखंड निराळे काढणारी यंत्रे साठ-सत्तरच्या दशकांत पसरली. जवळजवळ पूर्णपणे भंगारावर चालणाऱ्या विजेच्या भट्ट्या वाढल्या. भंगाराला पुन्हा गिऱ्हाईक मिळाले, तसे सांगाडे हलू लागले. कुंपणाने एकही सांगाडा भट्टीपर्यंत पोहोचविला नाही. तरीही सुशोभीकरणाचे श्रेय घेण्याच्या वेळी कुंपणाचा कायदा पुढे येतो आणि भट्टीचे गणित विसरले जाते.

न्यायालयाची दृष्टी

केवळ डोळ्यांना खुपते म्हणून एखाद्याच्या व्यवसायावर बंधन घालता येते काय? अमेरिकेतील न्यायालये दीर्घकाळ याला नकार देत होती. आरोग्य, सुरक्षितता, नीती यांपैकी काही धोक्यात असेल तरच बंधन रास्त, असा त्यांचा दंडक होता. १९५४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टनमधील वस्ती-निर्मूलनाच्या एका खटल्यात लोककल्याणाच्या कल्पनेत सौंदर्यालाही स्थान दिले. त्या निर्णयानंतर हा दंडक ढिला होत गेला. उत्तर कॅरोलिना राज्यातील बंकम काउंटीने भंगाराच्या आवारांना कुंपण सक्तीचे केले होते. १९८२ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, अशा नियमाला केवळ सौंदर्याचा आधारही पुरेसा होऊ शकतो. मात्र सार्वजनिक लाभ आणि मालकाची हानी यांचा तोल पाहिला पाहिजे. निरर्थक बडबडीसाठी इंग्रजीत रूढ असलेला ‘बंकम’ हा शब्द याच काउंटीच्या नावावरून आला, हा निव्वळ योगायोग समजावा.

हा निर्वाळा सर्वस्वी चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. सौंदर्य ही श्रीमंतांची चैन आहे, गरिबाला त्याच्याशी काय करावयाचे, असे म्हणणे हा गरिबाचा अपमान आहे. चाळीतल्या खिडकीत तुळस लावणाऱ्या बाईला सौंदर्य कळते. आक्षेप आहे तो तोलाच्या तागडीविषयी. त्या तागडीच्या एका पारड्यात समाजाचा लाभ आणि दुसऱ्यात मालकाची हानी घातली जाते. आवारातल्या मजुराच्या फुप्फुसांना आणि शेजाऱ्याच्या विहिरीला तिच्यात पारडेच नाही.

कुंपणाचा हिशेब

आता खर्चाकडे वळावे. कुंपण सर्वांना सारखेच लागू आहे, म्हणून ते न्याय्य आहे, असे सांगितले जाते. भूमितीचा साधा हिशेब या समजाला पुरून उरतो. एक एकराच्या चौरस आवाराला सुमारे ८३५ फूट कुंपण लागते. सोळा एकरांच्या चौरस आवाराला लागते सुमारे ३,३४० फूट. म्हणजे एकरी सुमारे २०९ फूट. लहान भंगारवाल्यावरचा एकरी बोजा मोठ्याच्या चौपट झाला. कुंपणाची लांबी परिघाने वाढते, धंदा क्षेत्रफळाने वाढतो. म्हणून कुंपणाची सक्ती हा प्रत्यक्षात लहानाकडून अधिक आणि मोठ्याकडून कमी घेणारा उलटा कर आहे. लहान आवारे बंद पडून मोठ्यांच्या हाती धंदा एकवटावा, अशी कोणाची इच्छा असो वा नसो, या कराची ओढ त्याच दिशेने आहे.

न्यायाने सांगावयाचे तर १९६५ च्या केंद्रीय कायद्याने हा बोजा संपूर्णपणे मालकावर टाकला नव्हता. आडोशाच्या खर्चाचा आणि हलवाव्या लागणाऱ्या आवारांच्या भरपाईचा ७५ टक्के वाटा केंद्राने उचलावा, अशी तरतूद त्यात होती. जे समाजाच्या डोळ्यांसाठी करावयाचे त्याचा खर्च समाजाने द्यावा, हे तत्त्व तेथे मान्य झाले होते. स्थानिक नियमांत मात्र सर्वसाधारणपणे कुंपण मालकाने स्वखर्चाने घालावयाचे आणि न घातल्यास दंड भरावयाचा, हीच रीत आहे.

याच कायद्यातील जाहिरात फलकांची कथा शेजारी ठेवून पाहावी. फलकवाल्यांचा व्यवसाय धनाढ्य होता आणि त्यांचे वजन कायदेमंडळात पोहोचले होते. १९७८ च्या दुरुस्तीने असे ठरले की, महामार्गालगतचा कायदेशीर फलक एखाद्या नगरपालिकेने स्वतःच्या नियमाखाली काढला, तरीही मालकाला भरपाई दिलीच पाहिजे. परिणामी अनेक नगरपालिकांनी फलकांना हात लावणेच सोडले. रस्त्यावरून दिसणारी कुरूपता दोघांचीही होती. एकाला नगरपालिकेने हटविले तर पैसे मिळणार; दुसऱ्याला नगरपालिकेने कुंपण घाल म्हटले तर स्वतःचे पैसे जाणार. दोघांत फरक होता तो वर्गाचा. भंगाराचा धंदा तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्थलांतरितांनी केला. युरोपातून आलेले दरिद्री ज्यू, इटालियन यांनी हातगाडीवर चिंध्या आणि लोखंड गोळा करून त्यात पाय रोवले. त्यांच्या बाजूने कायदेमंडळात बोलणारे थोडे होते.

कुंपणाच्या आत

कुंपण उभे राहिले. आत काय राहिले? मोडीत निघालेल्या मोटारीत तेल असते, आम्ल असते, बॅटरीत शिसे असते. पाऊस पडला की हे सारे जमिनीत आणि ओढ्यात उतरते. भंगाराच्या आवारांतून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यासाठी परवान्याची सक्ती करणारे केंद्रीय नियम अमेरिकेत १९९० मध्ये आले. डोळ्यांना होणारा त्रास १९६५ मध्ये कायद्याच्या लक्षात आला. पाण्यातून वाहणाऱ्या विषाला पंचवीस वर्षे थांबावे लागले. या दोन सनांमधील अंतर म्हणजे त्या समाजाने लावलेला अग्रक्रम होय.

शिवाय औद्योगिक क्षेत्राला दिलेली सूटही तपासली पाहिजे. आवार नजरेआड करावयाचे किंवा औद्योगिक भागात न्यावयाचे, असे दोन मार्ग असले की ती कोठे जातात हे सांगावयास भविष्यवेत्ता लागत नाही. कारखान्यांच्या कडेला कोण राहते? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी ह्यूस्टन शहराच्या कचराभूमींचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. शहराच्या मालकीच्या पाचही कचराभूमी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत असल्याचे त्यांनी दाखवून दिले. १९६५ च्या कायद्याने भंगाराच्या आवाराची जी व्याख्या केली, तिच्यात कचराभूमींचाही समावेश आहे, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एका वस्तीच्या नजरेआड जे जाते, ते दुसऱ्या वस्तीच्या दारात जाऊन पडते.

भारतातील एका घटनेने हीच गोष्ट अधिक भीषण रीतीने शिकविली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून वापराविना पडून असलेले एक किरणोत्सारी यंत्र २०१० च्या आरंभी लिलावात भंगार म्हणून विकले गेले. ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले, मजुरांनी ते फोडले आणि आतील कोबाल्ट-६० उघड्यावर आले. एप्रिल २०१० मध्ये एका मजुराचा मृत्यू झाला. इतर काही जण गंभीर आजारी पडले. मायापुरीला दहा फुटी कुंपण असते तर यांतील काय टळले असते? चूक विकणाऱ्याच्या दारात झाली आणि शिक्षा फोडणाऱ्याच्या देहाला झाली. ज्या कायद्याची नजर केवळ शेवटच्या दुव्यावर खिळलेली आहे, त्याला ही चूक कधीच दिसणार नाही.

आपल्या दारात

महाराष्ट्रात कुंपणाच्याही पुढचे पाऊल पडले. पिंपरी-चिंचवड महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखली परिसरातील भंगाराची दुकाने, गोदामे आणि लहान कारखाने यांची हजारो बांधकामे बुलडोझर लावून पाडली. बांधकामे विनापरवाना होती, तेथे वारंवार आगी लागत होत्या, प्रदूषण होत होते, अशी कारणे देण्यात आली. ती खोटी नव्हती. परंतु वाहन उद्योगाच्या या नगरीत जे लोखंड, पुठ्ठा, रबर आणि प्लास्टिक रोज टाकाऊ ठरते, ते उचलणारे हात बांधकामांबरोबर नाहीसे होत नाहीत. ते आणखी दूरच्या, आणखी अंधाऱ्या, अग्निशमनाचा बंब पोहोचणार नाही अशा जागी जातात. शहराच्या नकाशावरील डाग पुसला जातो. धोका तालुक्याच्या हद्दीवर जाऊन बसतो.

नव्या कायद्यांकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी वाहने मोडण्यासाठी नोंदणीकृत केंद्रांची व्यवस्था केली. वाहनातील तेल, बॅटरी आदी घातक द्रव्ये आधी शास्त्रीय पद्धतीने काढून घेण्याची अट घातली. जानेवारी २०२५ मध्ये अधिसूचित होऊन १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी आयुष्य संपलेल्या वाहनांची जबाबदारी थेट उत्पादकावर टाकली. हे स्वागतार्ह आहे. अमेरिकेने १९६५ मध्ये जे केले नाही ते येथे निदान कागदावर आले. परंतु मोडीचे प्रमाणपत्र आणि त्यावर मिळणारी करसवलत केवळ नोंदणीकृत केंद्राच्याच हाती आहे आणि असे केंद्र उभारण्यास भांडवल, जमीन व यंत्रे लागतात. कुर्ल्याच्या गल्लीत तीन पिढ्या गाड्या सोडविणाऱ्या कारागिराला यात जागा कोठे? त्याचे कौशल्य घ्यावयाचे तर त्याला रोजंदारीवर घ्यावयाचे, नाही तर बेकायदा ठरवावयाचे. ही नोंदणी त्याच्यापुरते कागदाचे कुंपण आहे आणि या वेळी तो त्याच्या बाहेर आहे.

वस्तू नजरेआड करण्याची सवय माणसांपर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या भेटीपूर्वी अहमदाबादेत विमानतळाच्या रस्त्यालगतच्या झोपडवस्तीसमोर महापालिकेने भिंत उभारली. अतिक्रमण रोखण्यासाठी, असा खुलासा झाला. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० च्या बैठकीसाठी पाहुणे आले, तेव्हा मुंबईत झोपड्यांसमोर पडदे लावण्यात आले. गंजलेली मोटार आणि घरात राहणारे माणूस यांत या दृष्टीला फरक दिसत नाही. दोन्हींपुढे सारखाच आडोसा!

चळवळीने काय करावे?

येथे चळवळीला स्वतःचेही दोष पाहावे लागतील. भंगाराच्या आवारावर कारवाई झाली की ‘गरिबांच्या पोटावर पाय’ एवढी घोषणा देऊन आपले कर्तव्य संपले असे मानण्याची खोड कार्यकर्त्यांना जडली आहे. तारेवरील रबर जाळून तांबे काढताना निघणारा धूर भांडवलदाराच्या बंगल्यात जात नाही. तो भंगारवाल्याच्याच लेकरांच्या छातीत जातो. आवारात आग लागते तेव्हा आत झोपलेला परप्रांतीय मजूरच होरपळतो. मालक आणि मजूर एकाच पत्र्याखाली राहतात म्हणून त्यांचे हितसंबंध एक होत नाहीत. नियम नकोतच, ही भूमिका शेवटी मालकाच्या सोयीची असते. मागणी हवी ती नियमांचा क्रम उलटा करण्याची.

आधी जमीन : तेल झिरपणार नाही अशी फरसबंदी, पाण्याचा वेगळा निचरा, बॅटऱ्यांसाठी छप्पर, बंब जाईल एवढी वाट. मग माणूस : मजुरांची नोंद, हातमोजे-चष्मे, अपघाताचा विमा, रक्तातील शिशाची तपासणी. आणि त्यानंतर कुंपण. तेही सार्वजनिक हितासाठी आहे म्हणून त्याच्या खर्चाचा वाटा नगरपालिकेने उचलावा आणि मालकाचा वाटा धंद्याच्या आकारमानानुसार ठरावा. पर्यायी जागा दिल्याशिवाय कोणतेही आवार उठवू नये. लहान कारागिरांच्या सहकारी संस्थांना नोंदणीकृत केंद्राचा दर्जा, सामायिक यंत्रे आणि औद्योगिक वसाहतीत जमीन मिळावी. कुंपणाला फाटक असावे, तेथून कामगारांचा प्रतिनिधी आणि शेजारचा नागरिक यांना तपासणीसाठी आत जाण्याचा हक्क असावा आणि तपासणीचा अहवाल वॉर्डाच्या कार्यालयात लावला जावा.

हे स्वप्नरंजन नव्हे. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढावांसारख्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायांना ओळखपत्रे मिळाली, त्यांच्या श्रमाला काम म्हणून मान्यता मिळाली आणि पुढे त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलला. ज्या बाया शहराच्या दृष्टीने अदृश्य होत्या, त्या गणवेश घालून भरदिवसा दारात उभ्या राहिल्या. शहर त्यामुळे कुरूप झाले नाही.

वेचणारणींसाठी जे साधले ते मोडणाऱ्यांसाठी का साधू नये? ज्या गावात, ज्या वॉर्डात भंगाराची आवारे आहेत, तेथील शाखांनी प्रथम कुंपणाच्या आत जावे. किती मजूर आहेत, ते कोठले आहेत, झोपतात कोठे, आजारी पडल्यावर जातात कोठे, याची साधी वही करावी. नगरपालिकेत सुशोभीकरणाचा ठराव येईल तेव्हा ती वही सभागृहाच्या टेबलावर ठेवावी आणि ठरावाच्या पहिल्या ओळीत जमीन, दुसऱ्या ओळीत मजूर आणि तिसऱ्या ओळीत कुंपण आहे की नाही, हे पाहूनच मत द्यावे.